ब्रेकवाले गुरुजी

वोल्फ्सबुर्गमध्ये मला खोली भाड्याने मिळाली, त्या दिवशी घरमालकांनी चावी हातात देण्याआधी मला डोळे मिटायला सांगितलं. मग म्हणाले, "आल्झो, आता पाण्याचा मुख्य कॉक शोध आणि बंद कर." मी दोन बॅगा घेऊन दारात उभी होते आणि पोटात विमानातल्या उपम्याशिवाय काही नव्हतं. नळ सुरू कुठे करायचा हे कोणालाही कळतं, बंद कुठे करायचा हे अंधारातसुद्धा कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझा हात धरून तळघराचा जिना उतरवला आणि कानात "उजवीकडचा, खालचा" असं सांगितलं म्हणून मी पास झाले. त्या घरात पास झाल्याशिवाय काहीच मिळत नसे. चावीही नाही आणि चहाही नाही.

आम्ही इथली सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायचो. वय तसं फार नव्हतं, पण टक्कल लवकर पडलं होतं आणि उपदेश त्याहून लवकर सुरू झाला होता. मूळचे मिरजेचे. जर्मनीत इतकी वर्षं काढल्यावर त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'आल्झो'ची, म्हणजे जर्मन 'तर मग'ची, सुरुवात चिकटली होती. गणपतीच्या आरतीआधीसुद्धा ते घसा खाकरून 'आल्झो' म्हणायचे आणि मग 'सुखकर्ता' सुरू व्हायचं. कारखान्यात ते ब्रेक तपासायचे. गाडी किती पळते ते बघणारे इंजिनिअर वेगळे, ती कुठे थांबते ते बघणारे काका. "गाडी पळते म्हणून कुणी मरत नाही, थांबत नाही म्हणून मरतं," हे वाक्य मी सायकल घेतली तेव्हा त्यांनी मला ऐकवलं, नंतर गाडी घेतली तेव्हा ऐकवलं, आणि एकदा मी तिसरा गुलाबजाम उचलला तेव्हाही ऐकवलं.

गणपती विसर्जनाला आम्ही मूर्ती हातगाडीवरून तळ्याकडे नेतो. काकांनी त्या हातगाडीला सायकलचे ब्रेक बसवले. तेव्हापासून आमची मिरवणूक प्रत्येक सिग्नलला नियमाने थांबते आणि लेझीमवाले हिरवा दिवा लागेपर्यंत जागच्या जागी डुलत राहतात. काकांची मुलगी इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. ती दर वर्षी म्हणते, "पपा, पाइनलिश." म्हणजे, लाज आणता तुम्ही. काका म्हणतात, लाज हासुद्धा ब्रेकच आहे, माणसाला असावा.

असा हा माणूस गुरुजी झाला, आणि झाला तो माझ्यामुळे.

माझं यानशी जुळलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये. यान जर्मन, आमच्याच विभागात, बोलायला कमी, ऐकायला चांगला. घरी सांगितलं तेव्हा आईने आधी थोडं रडून घेतलं आणि मग त्याला वरणभात आवडतो का ते विचारलं. बाबा मात्र "बघू" म्हणाले. बाबा कऱ्हाडच्या बस डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कमी बोलणं हा त्यांचा स्वभाव, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण 'बघू' हा एकच शब्द दोन वर्षं चालू शकतो, याची मला कल्पना नव्हती. सणाला फोन केला तरी बघू, यान मराठीत नमस्कार म्हणाला तरी बघू. आई म्हणायची, अगं, त्यांचा होकारच आहे, ते कधी तोंडाने बोलतात का. मी म्हणायचे, मग या वेळी बोलू देत. मला परवानगी नको होती. तिशी उलटलेली बाई मी, परवानगी कसली मागणार. मला त्यांच्या तोंडून एकदा 'हो' ऐकायचं होतं, बस्स.

तारीख ठरवायची वेळ आली तेव्हा बाबांनी पहिल्यांदा 'बघू' सोडून दुसरं वाक्य उच्चारलं. म्हणाले, लग्न लावायला खरे गुरुजी असतील तरच मी येईन. मला हसावं की रडावं कळेना. कारण या माणसाने आयुष्यात एक सत्यनारायण पूर्ण बसून ऐकलेला नाही. कथेच्या पहिल्या अध्यायाला ते मोकळी हवा खायला बाहेर जायचे आणि प्रसादाला परत यायचे. तरी मी कामाला लागले. दूरच्या शहरात एक गुरुजी होते, ते आनंदाने हो म्हणाले. मग त्यांनी मुलाचं गोत्र विचारलं. मी मुलाचं नाव सांगितलं. त्याबरोबर त्यांना त्या दिवशी प्रवासाला जायचं असल्याचं आठवलं. गंमत म्हणजे मी तारीख अजून सांगितलीच नव्हती.

त्या संध्याकाळी मी खाली आले तेव्हा काका स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीचं वजन पुसत बसले होते. काकूंनी माझं तोंड बघून पोहे परतायला घेतले. मी सगळं सांगितलं आणि बाबांच्या तोंडून एकदा 'हो' ऐकायचंय, तेही सांगितलं. काका शिट्टी पुसत राहिले. शेवटी म्हणाले, म्हणजे गुरुजी पाहिजे एवढीच अट ना. मी म्हटलं, हो. "आल्झो, मग मी होतो," ते म्हणाले, जसं काही कोणीतरी दळण आणायला जायचं होतं. काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "अहो, आधी तो कुकर जोडून द्या."

दुसऱ्याच दिवशी ते श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या विवाह नोंदणी कचेरीत गेले आणि लग्न लावण्याचा परवाना कसा मिळतो ते विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं की कायद्याचं लग्न इथे, आमच्यासमोर होतं. त्यानंतर तुम्ही घरी फुलं उधळा, गाणी म्हणा, मंत्र म्हणा, त्याला काहीच लागत नाही. काका घरी आले ते अपमान झाल्यासारखे. या देशात मासा पकडायला परीक्षा द्यावी लागते, कुत्रा पाळायचा तर परीक्षा द्यावी लागते, आणि दोन माणसांना आयुष्यभरासाठी एकत्र बांधायला काहीच नको, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. यानच्या एका मित्राने सुचवलं की एका परदेशी वेबसाइटवर नाव भरलं की दोन मिनिटांत लग्न लावायचा अधिकार मिळतो, त्याच्या भावाने तसंच केलंय. काकांनी त्याला इतक्या शांतपणे विचारलं की त्याच्या भावाचा संसार नीट चाललाय ना, की तो बिचारा घाबरून घरी फोन करायला गेला.

मग त्यांनी पुण्यात शोध घेतला. तिथे पौरोहित्य शिकवणारी एक शाळा आहे. बायका शिकतात, कुठल्याही जातीची माणसं शिकतात, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. परीक्षा होते म्हटल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. दर शनिवारी सकाळी संगणकासमोर सोवळं नेसून बसायचे. सोवळं वर, खाली पायात लोकरीचे मोजे, कारण फरशी गार. शिकवणाऱ्या बाई करड्या होत्या. काकांनी पहिल्याच तासाला विचारलं की होमाच्या समिधांमध्ये ओलावा किती टक्के चालतो. बाईंनी सांगितलं, पेटल्या तर चालतो. हे उत्तर काकांना इतकं आवडलं की ते त्यांनी कारखान्यातल्या मीटिंगमध्येही सांगितलं म्हणे.

शेवटची परीक्षा पुण्यात प्रत्यक्ष द्यायची होती. काकांनी वर्षाची सुट्टी त्यासाठी खर्च केली आणि मुलीला समुद्रावर न्यायचं राहिलं. ती दोन दिवस बोलली नाही. परत आले ते पहिल्या वर्गात पास होऊन. प्रमाणपत्र त्यांनी स्वयंपाकघरात बॉयलरच्या तपासणीच्या कागदाशेजारी लावलं. वर बाईंना फोन करून विचारलं की याची मुदत कधी संपते, फेरतपासणी कधी. बाई म्हणाल्या, मुदत नाही, आता लग्नं लावा. काकांना ते पटलं नाही. गाडीची दर दोन वर्षांनी तपासणी होते, तर गुरुजीची का नको, असं ते अजून म्हणतात.

आता चाचणी. काका म्हणाले, मोकळ्या गाडीवर ब्रेक तपासत नसतात, पूर्ण वजन टाकून तपासायचे. म्हणजे खरं जोडपं हवं. शेजारचे म्हातारा-म्हातारी, निवृत्त शिक्षक दोघंही, मोठ्या हौसेने तयार झाले. त्यांच्या मागच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली, काकांनी त्या दोघांचं सगळं यथासांग लग्न लावलं. सप्तपदीला म्हातारबांचे गुडघे दुखले म्हणून मध्ये कॉफी झाली. नवऱ्याच्या बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा काकांनी संस्कृतात त्यांच्या विल्हेल्म पणजोबांचा पुत्र, पौत्र, प्रपौत्र असा व्यवस्थित उद्धार केला आणि म्हातारबांनी टोपी काढली. गोत्र काश्यप. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, ही सोय आपल्याकडे पूर्वीपासून आहे. दूरच्या गुरुजींना ती तेवढी आठवली नसावी. ते म्हातारे आता भेटेल त्याला सांगतात की आमचं दुसरं लग्न झालंय, आणि आधीच्यापेक्षा लांब.

मी बाबांना फोन करून सांगितलं, गुरुजी मिळाले. कोण, तर घरमालक. बाबा म्हणाले, आधी बघू दे. म्हणून दर रविवारी व्हिडिओवर काका पाटावर बसायचे आणि बाबा कऱ्हाडला खुर्चीत बसून त्यांना बघायचे. पहिल्या रविवारी बाबांनी काकांचं आडनाव दोनदा विचारून घेतलं. आपल्यातलाच माणूस पाटावर बसून मंत्र म्हणतोय याचं त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी आईला बोलावून दाखवलं. पण पास करायचं नाव नाही. अंतरपाट आखूड आहे म्हणाले. काकूंनी नवा शिवला. पुढच्या रविवारी तांदळाच्या राशी वाकड्या. मग आवाज बारीक. मग पाठ वाकलेली. आवाज वाढला तर घाई फार. काका प्रत्येक रविवारी आधीचा दोष काढून टाकून बसत, आणि बाबा प्रत्येक रविवारी नवा शोधून काढत. ते काकांना साहेब म्हणत, काका त्यांना फोरमनसाहेब म्हणत, आणि दोघांचं बोलणं इतक्या अदबीने चालायचं की मला पलीकडच्या खोलीत बसून दात ओठ खावेसे वाटायचे.

एका रविवारी फोन बंद झाल्यावर मी चिडून म्हटलं की आपण दुसरं काहीतरी बघू या, हे काही होणार नाही. काकांनी पाट भिंतीला लावला. "तुझ्या बाबांना माझ्यात दोष सापडत नाहीयेत," ते म्हणाले. "ते शोधतायत. त्यात फरक आहे. आमच्याकडे एखादा टेस्ट ड्रायव्हर चांगल्या गाडीत रोज नवा दोष काढायला लागला, की मी गाडी उघडत नाही. त्याला चहाला नेतो. त्याचं घरी काहीतरी अडलेलं असतं." मी विचारलं, मग बाबांना चहाला कोण नेणार. काका म्हणाले, तो मान माझा, तुझ्या लग्नात.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात श्टांडेसआम्टचं उरकून घेतलं. आई-बाबा आणि मामा त्यानंतर पोचले. बाबांच्या हिशेबी ती आरटीओतली नोंदणी होती, गाडी अजून रस्त्यावर यायची होती. विमानतळावर त्यांनी यानशी हात मिळवला, त्याच्या गाडीच्या टायरांकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर बसले.

गावाबाहेरच्या एका फुटबॉल क्लबचा हॉल घेतला होता. भिंतीवर चषक, खाली केळीचे खांब. केळीचे खांब कापडाचे, काकूंनी बनवलेले. काकांनी सकाळी हॉलच्या रखवालदाराला घेऊन धुराची चाचणी केली, दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या ठरल्या. पाहुण्यांत निम्मे जर्मन. त्यांना काकांनी दारातच जर्मनमध्ये सूचना दिल्या होत्या. अक्षता मुठीत धरा, गाणं संपेपर्यंत टाकू नका, आणि काही कळेनासं झालं तर वधूचे वडील काय करतात तिकडे बघा. त्यांनी ते परीक्षेच्या प्रश्नासारखं मनावर घेतलं.

मी पाटावर उभी राहिले. समोर अंतरपाट, एक टोक काकूंच्या हातात, दुसरं शेजारच्या म्हातारबांच्या. पलीकडे यान, त्याचे फक्त बूट काढलेले पाय मला दिसत होते. बाबा बाजूला, नव्या सदऱ्यात, मूठ घट्ट. काकांनी घसा खाकरला. मंगलाष्टक आता सुरू होणार म्हणून मी डोळे मिटले, आणि काहीच झालं नाही.

डोळे उघडले तर काका हात जोडून बाबांसमोर उभे होते. "आल्झो, फोरमनसाहेब," ते म्हणाले, "मी इतके रविवार तुमच्यासमोर परीक्षेला बसलो. तुम्ही मला अजून पास केलेलं नाही. नापास माणसाने लग्न लावायचं नसतं. माझ्यात काही राहिलं असेल तर आत्ता सांगा. नसेल राहिलं, तर तेही सांगा. पण मोठ्याने सांगा, मुलीला ऐकू जाईल असं."

आई हळूच म्हणाली, गुरुजी, मुहूर्त. काका म्हणाले, मुहूर्त मीच काढलाय, थांबेल. जर्मन पाहुण्यांना हा विधीचाच भाग वाटला. ते मान खाली घालून भक्तिभावाने उभे राहिले. काकूंनी अंतरपाट जराही खाली येऊ दिला नाही. हा माणूस भरल्या मांडवात माझ्या बापाला उभा करून ते विचारत होता, जे मी दोन वर्षांत एकदाही सरळ विचारलं नव्हतं. आणि बाबा नाही म्हणाले तर, हा विचार मला त्या क्षणी पहिल्यांदा आला.

बाबांनी सदरा खाली ओढून सरळ केला. मग म्हणाले, "साहेब, तुमच्यात काही राहिलं नाही. राहिलंय ते माझ्यात."

आणि ते चालायला लागले. माझ्याकडे नाही, अंतरपाटाच्या पलीकडे. कापडाखालून मला त्यांचे पाय यानच्या पायांसमोर येऊन थांबलेले दिसले. ते मराठीतच बोलले. काका मागे उभे राहून जर्मनमध्ये सांगत होते, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'आल्झो' येत नव्हता.

"ही रागावली की गप्प बसते," बाबा म्हणाले. "ते माझ्याकडून आलंय. मी गप्प बसलो की ही गप्प बसते, आणि असं आमचं वर्षानुवर्षं चालतं. तुझ्या घरी तसं होऊ देऊ नको. तू आधी बोलत जा."

यान हळू आवाजात काहीतरी म्हणाला. काका म्हणाले, "करेन म्हणतोय. वचन देतो म्हणतोय."

"मग माझं हो आहे," बाबा म्हणाले. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, कापडाच्या अलीकडे मला ऐकू यावं म्हणून, "हो म्हणतोय मी, ऐकलंस का गं?"

मी ऐकलं होतं. मला उत्तर देता येईना, कारण मी रडत होते, आणि आई मागून म्हणत होती की काजळ पसरतंय. बाबांना बहुधा वाटलं की मी ऐकलं नाही. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल, किंवा इतकं बोलल्यावर हात रिकामा करायची घाई झाली असेल. त्यांनी मूठ उघडली आणि हातातल्या सगळ्या अक्षता अंतरपाटावरून माझ्या डोक्यावर टाकल्या.

जर्मन पाहुणे बाबांकडेच बघत होते. सूचनेप्रमाणे सगळ्यांनी एकदम आपापल्या मुठी मोकळ्या केल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना वाटलं आपलंच लक्ष नव्हतं, म्हणून त्यांनीही टाकल्या. काका दोन्ही हात वर करून "हाल्ट, हाल्ट" म्हणत होते, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. केसांतून, खांद्यांवरून, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी तांदूळ ओघळले आणि मंगलाष्टकाचा एक शब्द उच्चारला जाण्याआधी हॉलमधल्या सगळ्या अक्षता संपल्या.

काकूंनी अंतरपाटाचं टोक माझ्या मामाच्या हातात दिलं आणि तांदूळ आणायला स्वयंपाकघराकडे पळाल्या. काका टक्कल पुसत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मंत्र सगळे नंतर झाले, अगदी यथासांग, पुलावासाठी भिजत घातलेल्या तांदळाच्या ओल्या अक्षतांवर. पण माझं लग्न लागलं ते त्याआधी, मधे कापड असताना.